धुऱ्यावरचं पदक

'द गॉडफादर' याआधीही पाहिला होता, पण अकोटच्या घरी काकांशेजारी बसून पाहताना तो जास्त लागला. बहीण कॉनीच्या लग्नात धाकटा मायकल मरीन सैनिकाच्या गणवेशात येतो, छातीवर पदकांच्या फिती. साल १९४५, महायुद्ध नुकतंच संपलेलं. काका खुर्चीत पुढे सरकले. "पाय, घरात फौजी असला म्हणजे कसं वजन पडते!"

मला तो गणवेश वजनासाठी घातलेला वाटत नाही. बापाच्या माफिया धंद्यापासून वेगळं उभं राहायला मायकलजवळ तेवढंच असतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी ७ डिसेंबर १९४१ची संध्याकाळ आहे. पर्ल हार्बरवर हल्ला झालाय आणि घरात बापाच्या वाढदिवसाची तयारी चालू आहे. बापाने वजन वापरून पोराची भरती लांबवलेली, आणि पोरगा मात्र कुणाला न विचारता नाव नोंदवून आलेला. थोरला सनी भडकतो. परक्यांसाठी जीव धोक्यात घालणारे त्याच्या लेखी मूर्ख. बाप आल्यावर सगळे त्याच्या स्वागताला धावतात, टेबलाशी मायकल एकटा उरतो. या घराण्यात त्याने स्वतःच्या मनाने केलेली एवढीच गोष्ट! पुढे हॉटेलात दोघांना समोरासमोर गोळ्या घालायची वेळ येते, तेव्हा युद्धात कमावलेलं धैर्य खानदानाच्याच कामी येतं. ज्या देशासाठी ते कमावलं, तो देश कथेतून निघून जातो. सिनेमातली सगळ्यात मोठी हानी मला हीच वाटते.

आमच्या घरातला फौजी म्हणजे आजोबा; ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. त्यांना मिळालेला 'इटली स्टार' म्हणजे सहा टोकांचा तारा आणि तांबडी, पांढरी, हिरवी फीत. ते फौजेत ड्रायव्हर होते, रसद पोचवायचे. बंदुकीची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. चिखलात रुतलेले ट्रक आणि धक्का मारायला आलेली अनोळखी माणसं, हेच सांगायचे. पण घरात तो तारा निघायचा शेताच्या धुऱ्याचं भांडण पेटलं की. शेजाऱ्याचा नांगर जरासा इकडे सरकला की काका तो तारा हातात घेऊन ओरडत, "आमच्या घरात मिलट्रीवाला होऊन गेला, ध्यानात ठेव!" शेजाऱ्याची म्हातारी माय घाबरून दार लावून घ्यायची. ते आठवलं की अजून संताप येतो. आजोबांनी त्या माऊलीला कधी चढ्या आवाजात हाक मारली नव्हती.

अकोटजवळच्या आपल्या अडगावचंही एक पदक आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेल्स्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. जवळजवळ अर्ध्या शतकाने, १८५१मध्ये, इंग्रजांनी तोवर हयात असलेल्या आपल्या सैनिकांसाठी पदक काढलं. त्या लढाईत असलेल्याच्या पदकावर 'अर्गाम' अशी पट्टी, म्हणजे आपलं अडगाव. ज्यांच्या उभ्या पिकांतून तोफा गेल्या, त्यांच्या नातवंडांकडे दाखवायला काय उरलं असेल?

सिनेमा संपल्यावर पुतण्याने विचारलं, "पणजोबांनी किती माणसं मारली?"

"ते ट्रक चालवायचे," मी म्हणालो. "उपाशी माणसांपर्यंत पीठ-डाळ पोचवायचे."

काकांना ते आवडलं नाही. "हे धुऱ्यावर सांगून कोण भिते बापा?"

"कोणी भ्यायला नकोच, काका," मी म्हणालो, आणि पुतण्याला रुतलेल्या ट्रकची गोष्ट पहिल्यापासून सांगायला बसलो.