भाताची जागा

आमच्याकडच्या ताटाचा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. वरच्या कडेला मीठ, डाव्या हाताला चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी आणि कालवण, मधोमध भात. पालघरच्या किनाऱ्याला भाकरी येते तीही तांदळाची, म्हणजे भातच चपटा होऊन पुन्हा पानात बसतो. न्याहारीला घावन, पावसाळ्यात केळीच्या पानावरची पानगी, तापात पेज. ऐन जेवणाच्या वेळी कोणी दारात आलं की पातेल्यात मूठभर तांदूळ जास्त ओतायचे, झालं आदरातिथ्य. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इकडे कोणाला नवल वाटलं नाही. सरकारला उशिरा कळलं, एवढंच.

अशा घरात डॉक्टर एक दिवस म्हणतात, "भात बंद."

यांची तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर पाळ्या केलेला माणूस; रात्रपाळीहून सकाळी घरी यायचं, भात-कालवण जेवायचं आणि पडदे ओढून झोपायचं, हाच दिनक्रम. आमच्या मजल्यावर तशी घरं आणखी आहेत. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली वीज १९६९ची, मग कारखाने आले आणि कारखान्यांमागून सगळा देश इथे राहायला आला. त्यामुळे बोईसरच्या एका जिन्यात भात सोडायला सांगितलेला मांगेला, भात सोडायला सांगितलेला बंगाली आणि पोळी निम्मी करायला सांगितलेला बिहारी असे तिघंही भेटतात. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे असं निघालं. एवढी माणसं म्हटल्यावर एका जिन्यात तिघं म्हणजे फार नव्हेत. जिन्यातल्या बायकांचा प्रश्न मात्र एकच: भात नाही तर मग मधोमध काय वाढायचं?

उत्तर मोबाइलवर तयार असतं. फ्लॉवरचा भात. फ्लॉवर किसायचा, फडक्यात घट्ट पिळायचा, पसरट तव्यावर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतायचा, मीठ शेवटी घालायचं आणि झाकण अजिबात ठेवायचं नाही. वाफ कोंडली की त्याचा लगदा होतो. दिसतो हुबेहूब. आकडेही त्याच्या बाजूने आहेत. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये पाचेक, दुधीत तर तीन-चारच. फ्लॉवर स्वतः इथला नव्हे. १८२२ साली इंग्रजांनी त्याचं बी सहारनपूरच्या बागेत आणलं, तिथून तो देशभर पसरला. पाव्हणा म्हणून आला आणि आता घरच्या यजमानाच्याच पाटावर बसायला निघाला.

तोंडली, काजू, गोडा मसाला घालून मसालेभाताच्या वळणाने केला तर हा फ्लॉवर चांगला लागतो, हे मी मोकळेपणी सांगते. पण त्यावर बोंबलाचं कालवण ओतून पाहा. भाताचं खरं काम कालवण पिणं हे आहे. शिजताना त्याचा पिष्टमय दाणा फुगतो, मऊ होतो आणि चिंच-तिखटाचं पाणी आपल्यात ओढून घेतो. फ्लॉवरच्या कणात मुळात पाणीच भरलेलं. तो पीत नाही, उलट मीठ लागताच स्वतःचं पाणी सोडतो. ताटात खाली पाणी, वर भुसा आणि बाजूला बिचारा बोंबील. यांनी दोन घास घेतले, मग विचारलं, "हे कालवणाला काय झालं?" दोष कालवणाला लागला हे मला जास्त झोंबलं.

भाकरीचंही तेच. कोबी किंवा दुधी किसून त्याची भाकरी थापा म्हणतात. तांदळाच्या पिठाला उकड काढली की पिष्ट चिकट होतं, म्हणून ते हाताखाली वळतं. दुधीला तो गुणच नाही. मग बेसन घाला, अंडं घाला, जवसाची पूड घाला, इसबगोल घाला. इतकी टेकू-काठी लावून जी उभी राहते ती भाकरी नव्हे, चांगलं थालीपीठ आहे, आणि थालीपीठ म्हणून वाढलं की कोणाची तक्रार राहत नाही. खोटं नाव दिलं की जीभ हिशेब मागते.

धान्य टाळायची आपली जुनी सवय उपासाची. पण तिथे आपण धान्य टाळून पिष्टाची मेजवानीच करत आलो. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते साखर मोजणाऱ्या यंत्रालाही मान्य आहे. ऋषिपंचमी तेवढी वेगळी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. नांगराने पिकवलेला तांदूळ गेला, गहू गेला; उरलं ते परसातलं आणि बांधावरचं. अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, आणि आंबटपणाला अंबाडी किंवा चिंच. तेल-मसाला जवळजवळ नाहीच. ही भाजी ताटाच्या उजव्या कोपऱ्यात मावत नाही, तीच जेवण असते. वर्षातून एक दिवस का होईना, आमच्या आज्यांनी बैलाला सुट्टी देण्याच्या निमित्ताने भाजीला मधोमध बसवलं होतं.

जगात साखर-पिष्ट टाळायचं हे पथ्य गाजवलं ते विल्यम बॅंटिंग नावाच्या लंडनच्या गृहस्थाने. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा, गिऱ्हाईक थेट राजघराणं. स्वतःचं वजन इतकं वाढलं की बूट घालायला वाकता येईना. एका डॉक्टरने पाव, साखर, बटाटा, बिअर बंद केली, वजन उतरलं, आणि १८६३ साली त्याने त्यावर एक पुस्तिकाच काढली. खातापिता माणूस होता. त्याच्यापुढे मांस होतं, मासे होते. पाव सोडणं त्याला परवडत होतं.

आपल्याकडे धान्याला पर्याय शोधायची सरकारी मोहीम निघाली ती उलट्या कारणाने, धान्यच पुरेना म्हणून. कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ केंद्रात अन्नमंत्री होते. वनमहोत्सव त्यांनी सुरू केला हे शाळेत शिकवतात, पुढचं शिकवत नाहीत. त्या काळात रताळी, केळी, टॅपिओका खा आणि गहू-तांदूळ वाचवा असा प्रचार चालला होता. लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने बायकांनी चालवलेली ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहं निघाली, तिथे रेशनच्या धान्याशिवायचे पदार्थ मिळत. त्या पाककृती आज यांच्यासमोर ठेवल्या तर डॉक्टर घाबरतील. रताळ्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदकं. पण तेव्हा साखर कमी करायची नव्हती, पोट भरायचं होतं.

इथे मला पालघर स्टेशनजवळच्या बाजारातली माझी भाजीवाली आठवल्याशिवाय राहत नाही. विक्रमगडच्या बाजूने येते. पहिल्या सरींच्या आसपास तिच्या टोपलीत शेवळं असतात. तपकिरी, लांब, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं घालून शिजवायची, नाहीतर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. मग टाकळा, कुर्डू, कवळा. जरा पाऊस मुरला की करटोली आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. हे बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवावे लागतात. या सगळ्यांत पिष्ट नावापुरतं. डॉक्टरांच्या कागदावर छापावी अशी टोपली, आणि ती उगवते फुकट, रानात. मी तिला कौतुकाने म्हटलं, "मावशी, आमच्याकडे आता भात नाही, नुसती भाजीच."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "का गं ताई? तांदूळ संपला?"

तिच्या प्रश्नामागे या जिल्ह्याचा सगळा पावसाळा आहे. मळणीचं भात घरात येतं ते पुरतं काही महिने. जेठ-आषाढात कणगी रिकामी, आणि नेमकं तेव्हाच शेतात राबायचं. पूर्वी मग सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून खावटी घ्यायची, म्हणजे खायला धान्य उसनं, आणि पीक आलं की सवाई-दिढीने परत. खावटीतून वेठ आणि वेठीतून १९४५चा वारल्यांचा उठाव. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं जवळून पाहून लिहून ठेवलं आहे. ज्यांना खावटीही मिळत नसे ते रानात जात. कडूकंद खणून आणायचे, पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे त्यातला कडवटपणा आणि विष निघून जाई. फ्लॉवर पिळून माझं मनगट दुखलं म्हणून मी कुरकुरले होते, ते कडूकंदाबद्दल ऐकल्यावर बंद केलं. आणि कंद कशासाठी? त्यातल्या पिष्टासाठीच. ज्या ग्रॅमांना मी घाबरते त्याच ग्रॅमांसाठी तिच्या आजीने ओढ्यात रात्र काढली. नुसत्या पालेभाजीवर दिवसभर चिखलात आवणी करता येत नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव कुपोषणाने गेलेल्या मुलांमुळे देशभर झालं, ते इथून दोन-तीन तासांवर. ताटात भात नसणं हे तिच्या लेखी पथ्य होऊच शकत नाही.

तरीही तिच्याकडे रानभाजी म्हणजे लाचारी असं मुळीच नाही. पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय घरात खात नाहीत, आणि शेवळांचा भाव ती एक रुपया कमी करत नाही. भाजीचा मान तिला ठाऊक आहे. तो भाताशेजारी असतो, एवढंच तिचं म्हणणं.

हे ऐकून मी फ्लॉवरला सोंगातून सोडवलं. भाताची नक्कल करायची नाही असं ठरल्यावर कळलं की आमच्या किनाऱ्याकडे मधोमध बसण्याजोग्या भाज्या कधीच्या तयार आहेत. आपण त्यांना उजव्या कोपऱ्यात चमचाभर वाढत होतो. दुधीत कोळंबी. पडवळात सोडे. कोबी बारीक चिरून त्यात जवळा. वांग्यात सुके बोंबील. शेवग्याच्या शेंगा आणि कोलीम. या भाज्या अंगासरशा असतात, त्यांना कालवण प्यायला कोणी लागत नाही. मासळीचा रस भाजीच पिते. फक्त माप उलटं करायचं: पूर्वी पातेलंभर भात आणि वाटीभर भाजी, आता त्याच पातेल्यात भाजी. डाव्या हाताची कोशिंबीरही वाढून चांगली वाटीभर झाली. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या उष्मांकापैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हटलं आहे. धान्य शून्यावर आणा असं तिथे कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या आठवड्यात यांना दुपारी घाम सुटला, हात थरथरले. गोळ्या जुन्या आणि भात कमी, म्हणजे साखर खाली जाणारच. डॉक्टरांनी गोळीचं माप बदललं. ही गोष्ट मोबाइलवरच्या पाककृतीखाली कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहिली.

भात गेला नाही. रविवारी बोंबलाचं कालवण होतं आणि त्याच्यासमोर मी कुठलीही भाजी उभी करत नाही. एक डाव भात, आधी काकडी आणि भाजी खाऊन झाल्यावर, शेवटी. तो इतक्या सावकाश खातात की रविवारचं जेवण पूर्वीपेक्षा लांबलं आहे. शेजारच्या बंगाली वहिनींनी हेच माप घेतलं; त्यांच्याकडे दुधीत चिंगडी होतीच, त्यांनी फक्त वाटीची जागा बदलली.

थंडीत एक दिवस डहाणू-तलासरीकडे जाणं होतं, ते उकडहंडीसाठी. महामार्गाच्या कडेला मातीची मडकी पाल्याने तोंड बांधून उलटी घालतात, भोवती जाळ करतात, पाण्याचा थेंब नाही. मडकं फोडल्यावर आत पापडी, वांगी, रताळी, बटाटे, कोनफळ, सगळं आपापल्या रसात शिजलेलं. तिथे आमची वाटणी ठरलेली आहे. पापडी आणि वांगी यांच्या पानावर, आणि जांभळं कोनफळ, रताळी, बटाटे माझ्याकडे. अजून तरी माझी साखर नीट आहे, आणि या वाटणीबद्दल माझी काही तक्रार नाही.