बंधाऱ्यावरचं नाव

मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांच्याविषयी बरं बोलणं मला वर्षानुवर्षं जड जायचं. पुण्यात शिकवत होतो तेव्हा बंडगार्डनचा विषय निघाला की मी हटकून सांगायचो: ज्या बंधाऱ्यामुळे या बागेला नाव मिळालं, तो 1850 च्या सुमारास पुण्याच्या पाण्यासाठी बांधला. खर्चातले दीड लाखाहून जास्त रुपये जमशेटजींचे, आणि तो पैसा अफूचा! माळव्यातली अफू मुंबईहून चीनला जायची, जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीशी त्यांचा मोठा व्यवहार होता. जे. जे. रुग्णालय, कलाशाळा, त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या 1,57,000 रुपयांतून झालेला माहीमचा कॉजवे, हे सगळं माझ्या लेखी हात धुवायचा साबण होतं. मुलांना हे ऐकायला आवडायचं. मलाही सांगायला.

अफूबद्दलचं मत आजही तसंच आहे. बदललं ते बंधाऱ्याच्या दगडावर कोरलेल्या त्यांच्या नावाबद्दलचं, आणि तेही माझ्या गावाकडच्या धरणांमुळे.

मी वेल्ह्याचा, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचा. आंबी आणि मोसे या आमच्या नद्या. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव. दोन्हींचं पाणी मुठेतून खडकवासल्यात आणि तिथून पुण्याच्या नळात. पानशेत म्हटलं की पुणेकराला 12 जुलै 1961 चा धरणफुटीचा पूर आठवतो, आणि ते साहजिकच आहे. पण धरणाखाली गेलेली शेतं, दौंडकडे हललेली घरं, एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांवर येणारे टँकर, यांचा हिशोब कुणाकडे मागायचा? सरकारकडे म्हणावं, तर सरकार म्हणजे नेमकं कोण? फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते.

जमशेटजींना मात्र पावणेदोनशे वर्षांनंतरही मी वर्गात उभं करू शकत होतो. पैसा कुठून आणलात, कुणाच्या नशेतून आणलात, हे विचारू शकत होतो, कारण त्यांनी नाव मागे ठेवलं होतं. ज्याला मी इतके दिवस मोठेपणाची हौस म्हणत होतो, ती मला आता सही वाटते. दानशूर म्हणून मी अजूनही हात जोडणार नाही. पण ते जबाब द्यायला जागेवर आहेत, एवढं तर मानायलाच हवं.

अर्थात प्रत्येक नाव असं नसतं. शेजारच्या भोरमध्ये वेळवंडीवरचं भाटघर धरण 1927 साली पुरं झालं आणि त्याला नाव मिळालं गव्हर्नर लॉइडचं. साहेबांच्या खिशातून एक दमडी गेली नव्हती. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरकडे गेलं. तेव्हा नुसतं नाव पुरत नाही. कुणी काय दिलं आणि कुणाचं काय गेलं, हेही त्याच दगडावर हवं.

म्हणून पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची आणि कुटुंबांची नावं धरणाजवळ कोरावीत, असा अर्ज लिहायला घेतला आहे. भावकीतला एक जण म्हणाला, "गुरुजी, नावानं घसा ओला होतो का? आधी वरच्या वाडीला नळ मागा." त्याला मला अजून पटवता आलेलं नाही. अर्जात आता दोन्ही मागण्या आहेत, नळाची पहिली.