क्यू आणि डब्ल्यूचा शेजार

कीबोर्डाचा डावा कोपरा एकदा निवांत बघावा. तळाशी कंट्रोल असतं आणि बहुतेकांची डावी करंगळी त्याच्यावर रेंगाळत असते. करंगळी तिथेच टेकवून बाकीची बोटं वर नेली की आधी ए आणि एस लागतात, आणि त्यांच्या डोक्यावर क्यू आणि डब्ल्यू. कंट्रोलबरोबर एस दाबलं की लिहिलेलं जतन होतं. तेच बोट एक ओळ वर पडलं, डब्ल्यूवर, की ब्राउझरमधला समोरचा टॅब बंद. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि क्यू हा सगळे टॅब घेऊन ब्राउझरच मिटण्याचा हुकूम. मॅकवर कमांड आणि क्यू म्हणजे जो प्रोग्रॅम समोर असेल त्याला निरोप. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांमधलं अंतर सुमारे 19 मिलिमीटर असतं. राखणारं आणि घालवणारं यांच्यात एवढीच काय ती जागा.

क्यूच्या दुसऱ्या अंगाला काय आहे तेही बघा. तिथे टॅबचं बटण आहे. कंट्रोल आणि टॅब दाबून आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, मॅकवाले कमांड आणि टॅब दाबून एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जातात, आणि हे दिवसभर चालू असतं. म्हणजे इकडून तिकडे जाण्याचं बटण आणि सगळं गुंडाळण्याचं बटण एकमेकांना खेटून. रॉकेलचा डबा आणि गोड्या तेलाचा डबा शेजारी शेजारी ठेवणारी गृहिणी आपल्याकडे शोधून सापडायची नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तेच झालं, आणि सगळ्या जगाने मुकाट्याने वापरायला घेतलं.

दोष कुणाचा म्हणावा? अक्षरांची ही मांडणी शोल्सच्या टाइपरायटरची. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र 1874 साली बाजारात आणलं, तेव्हा कंट्रोल नावाचं बटणच नव्हतं. क्यूच्या शेजारी डब्ल्यू आलं म्हणून तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे शंभर वर्षांनी त्या अक्षरांवर हुकूम बसवले गेले. त्यातले काही फार विचाराने बसवले आहेत. लॅरी टेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲपलमध्ये झेड, एक्स, सी आणि व्ही ही खालच्या ओळीतली चार बटणं ओळीने घेतली. केलेलं रद्द करा, कापा, नक्कल घ्या, चिकटवा. चारही कामं एकाच स्वभावाची, चारही एका हाताच्या टप्प्यात, आणि बोट चुकून शेजारी पडलं तरी झेड मदतीला हजर. ही मांडणी इतकी नेटकी आहे की आपल्याला ती मांडणी वाटतच नाही. बंद करण्याचे हुकूम मात्र आद्याक्षरं बघून वाटले गेले. क्लोजचं सी कॉपीकडे होतं, मग क्विटला क्यू आणि विंडो मिटायला डब्ल्यू. ती बटणं कुठे बसली आहेत आणि त्यांच्या शेजारी कोण राहतं, याची फिकीर कुणी केलेली दिसत नाही.

फिकीर करणारा एक माणूस होता, आणि त्याचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. डेव्हिड ब्रॅडली. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या चमूतला अभियंता. संगणक अडकला की वीज बंद न करता तो नव्याने सुरू करता यावा, म्हणून त्याने आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप अशी तीन बटणं ठरवली होती. मग लक्षात आलं की ही तिन्ही डाव्या बाजूलाच आहेत, कीबोर्डाला नुसता धक्का लागला तरी दाबली जातील. म्हणून एस्केप काढून डिलीट घातलं, जे कीबोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. आता दोन हात लागणार, आणि दोन हात लागणार म्हणजे मनाने ठरवावं लागणार. साधा विचार, पण केवढा शहाणा! एवढं घातक बटण आणि त्याने सहसा कुणाचं चुकून नुकसान केलं नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनी तो धडा घ्यायला हवा होता.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्याला तर हा शेजार आणखी जवळून येतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत टंकन करणाऱ्यांनी आपली बोटं आठवून बघावीत. क्यूवर औकाराची मात्रा आहे, डब्ल्यूवर ऐकाराची. मौन, गौरी, चौकट क्यूवाचून होत नाहीत. दैव, मैत्र, पैठण डब्ल्यूवाचून होत नाहीत. आता समजा, एक उतारा कंट्रोल आणि व्ही दाबून चिकटवला आणि त्याला लागूनच ‘वैशाख’ लिहायला घेतलं. करंगळी कंट्रोलवरून उचलायला जरा उशीर झाला. ‘व’ साठी बी दाबलं गेलं, ते ठळक अक्षरांचा हुकूम झालं. पाठोपाठ ऐकाराच्या मात्रेसाठी डब्ल्यू, आणि पान गायब. ‘ऐन’ किंवा ‘ऐका’ने सुरुवात करायची असेल तर शिफ्टही धरावं लागतं, आणि कंट्रोल, शिफ्ट, डब्ल्यू हा तर सगळी विंडोच बंद करण्याचा हुकूम. भरीला तऱ्हा, दुसऱ्या यांतला पापणीचा र. तो जुन्या पद्धतीने काढायचा तर कंट्रोल धरून वरच्या आकड्यांच्या ओळीत जावं लागतं, आणि तिथून घसरलेलं बोट नेमकं क्यू-डब्ल्यूच्या ओळीत येऊन पडतं. (शिफ्ट आणि जे वर नुक्ता असलेला ऱ आहे. तो घेऊन हलन्त दिला की पापणी आपोआप येते, कंट्रोलच्या वाटेला जावंच लागत नाही. मला वाटतं, टंकन शिकवताना हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.)

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतल्या मुलामुलींचं दुखणं वेगळं. त्यांचा दिवस टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर जातो. तिथे कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की मागचा एक शब्द पुसला जातो, आणि टंकनात चूक झाली की बोट आपसूक तिकडे वळतं. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली ही सवय घेऊन ते ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक उत्तर लिहायला बसतात. एक शब्द चुकतो. बोट आपलं काम करतं. शब्द जातो, आणि त्याच्याबरोबर उरलेलं पानही. यात त्यांचा निष्काळजीपणा काय? उलट बोटं फार तरबेज झाली म्हणून हे घडतं. नवशिका एकेक अक्षर शोधत बसतो, त्याच्याकडून सहसा असं होत नाही.

आणि जातं ते कसं, तर बिनआवाजाचं. काच फुटली तर खळकन आवाज येतो, कागद फाटला तर टरकन येतो. टॅब मिटतो तेव्हा काहीही होत नाही. शेजारचा टॅब सरकून त्याच्या जागी येतो आणि पूर्वीपासून तिथेच असल्यासारखा दिसतो. क्षणभर आपल्यालाही वाटतं की आपण दुसरीकडेच बघत होतो. सेतू केंद्रात किंवा तालुक्याच्या नेट कॅफेत शेवटच्या तारखेला कुणा विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जात असेल, दाखला आणि पासबुक चढवून झालं असेल, ओटीपी येऊन गेला असेल, तर त्या क्षणाची किंमत मोठी असते. खुर्चीवरचा ऑपरेटर मागे वळून म्हणतो, “दादा, परत एकदा आधार नंबर सांगा.” काय झालं ते तो सांगत नाही, आणि समोरचा विचारत नाही.

मग ब्राउझर आधी विचारत का नाही, असं कुणीही म्हणेल. विचारतो कधी कधी. पानावर तुम्ही काही भरलं असेल आणि पान बनवणाऱ्याने तशी सोय केली असेल, तर “हे पान सोडायचं का?” असा प्रश्न येतो. पण पानाला तुम्हाला अडवून धरण्याचा हक्क ब्राउझर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर लबाड जाहिरातींची पानं कधी मिटलीच नसती. पूर्वी त्या प्रश्नात पान आपल्याला हवा तो मजकूर घालू शकत असे. लोकांना घाबरवण्यासाठी त्याचा गैरवापर झाला, म्हणून क्रोमने 2016 मध्ये तेही बंद केलं.

शिवाय विचारणं हा उपाय फार काळ टिकत नाही. मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्याने सुरू केला त्या जेफ रास्किनने हे बजावून सांगितलं होतं. तोच तो प्रश्न रोज विचारला की त्याचं उत्तर देण्याचीही सवय जडते. डब्ल्यू आणि एंटर मिळून एकच हालचाल होऊन बसते, आणि मग प्रश्न असून नसल्यासारखा. त्याचा मुलगा एझा रास्किन याने 2007 साली हाच मुद्दा पुढे नेला: इशारे देत बसू नका, केलेलं मागे घेता येईल एवढं बघा. माझं मत पूर्णपणे या बापलेकांच्या बाजूने आहे.

मधला एक मार्ग आहे आणि तो वाईट नाही. मॅकवरच्या क्रोममध्ये कमांड आणि क्यू नुसतं दाबून भागत नाही, धरून ठेवावं लागतं. क्रोमबुकवर बाहेर पडायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि क्यू दोनदा दाबावं लागतं. इथे कुणी प्रश्न विचारत नाही, फक्त बोटाला जरा थांबवतात. ब्रॅडलीने जे अंतराने साधलं ते इथे वेळेने साधलं आहे. बॅकस्पेसची गोष्टही याच जातीची. एके काळी ते बटण दाबलं की ब्राउझर मागच्या पानावर जायचा. मजकुराच्या चौकटीत आपण आहोत असं समजून एक अक्षर खोडायला जावं आणि भरलेला सगळा अर्ज जावा, असं किती जणांचं झालं असेल! 2016 मध्ये क्रोमने ती सोय काढून टाकली. लोक चिडले. जुनी सवय मोडली म्हणून चिडले, आणि ती सवय हवी असलेल्यांसाठी गूगलला वेगळं एक्स्टेन्शन काढावं लागलं. पण बटण काही परत आलं नाही, आणि आज त्याची आठवणही कुणाला येत नाही.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत डीटीपीचं काम करणाऱ्या एक बाई आहेत. मराठी टंकनाच्या परीक्षा दिलेल्या, पडद्यावरची नजर न हलवता सरसर लिहिणाऱ्या. त्यांच्या कीबोर्डावर डब्ल्यूच्या डोक्यावर एक लाल टिकली चिकटवलेली आहे, मखमलीची, बारकी.

“ताई, ही कशाला?”

“बोटाला कळायला. एफ आणि जे वर कंपनीनं रेघ दिलीय ना, तशी इथं मी दिली. नजर तर वरच असते ओ, मग बोटाला कोण सांगणार?”

टिकलीची कड बोटांनी घासून जराशी मळली आहे. गोंद सुटला की त्या नवी लावतात, पाकीट टेबलाच्या खणात असतं. या विषयावर मी जे वाचलं आहे, त्यात याहून चांगला उपाय मला आढळला नाही.

टिकली नको असेल त्यांच्यासाठी बाकीच्या वाटा आहेतच. फायरफॉक्समध्ये ब्राउझर मिटण्याआधी विचारायला लावता येतं, आणि अबाउट-कॉन्फिगमध्ये शिरायची हिंमत असेल तर मिटण्याचा शॉर्टकट साफ बंदही करता येतो. विवाल्डी ब्राउझरमध्ये शॉर्टकट आपल्या मर्जीने बदलता येतात. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधून कंट्रोल आणि डब्ल्यूला ब्राउझरपुरतं दुसऱ्या कामाला लावता येतं. मॅकवर कीबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये हुकुमाला नवी बटणं देता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त तो अर्धा तास कुणी काढत नाही.

अर्जांची संकेतस्थळं बनवणाऱ्यांना मात्र एक सांगणं आहे. लोकांच्या बोटांवर भिस्त ठेवू नका. अर्ज भरला जात असताना त्याचा मसुदा आपोआप जतन करत राहा. टॅब गेला, वीज गेली, नेट गेलं, तरी माणूस परत आल्यावर त्याला सोडला होता तिथूनच पुढे जाता यावं. हे तंत्र नवं नाही आणि अवघडही नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं: कंट्रोल (मॅकवर कमांड), शिफ्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबली की नुकताच मिटलेला टॅब परत येतो, पुन्हा दाबली की त्याच्या आधीचा. खासगी विंडो एकदा बंद झाली की हे चालत नाही, आणि भरलेला मजकूर टॅबबरोबर परत येईलच असंही नाही, म्हणून मोठं काही लिहायचं तर ते ब्राउझरबाहेर लिहून मग चिकटवावं. पण पान तरी हाती लागतं. गरज पडेपर्यंत थांबू नका, आजच एखादा बिनकामाचा टॅब मुद्दाम मिटा आणि ही तीन बटणं दाबून बघा.