शिट्टीसकट हिराबाई

परवा मिरजेच्या मामेबहिणीला हिराबाई बडोदेकरांचं एक मराठी पद पाठवायला गेले, तर लिंक उघडेना. व्हिडिओ काढून टाकलेला. आमच्या घरमालक सरदारजींनी नातवाच्या मागे लागून स्वतःच्या तबकडीवरून तो चढवून घेतला होता. सरदारजी गेले, त्यानंतर कधीतरी त्यांचं खातंही बंद झालं असणार. मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. ती तीन मिनिटं माझ्या चंडीगडमधल्या लहानपणाची होती.

वडील सेक्टर 30 मधल्या सीएसआयओ या संशोधन संस्थेत नोकरीला. आम्ही सरदारजींच्या कोठीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. या शहरात आजोबांनी बांधलेलं घर तेव्हा कुणाचंच नव्हतं. सगळे कुठून ना कुठून आलेले. अंकलजी, म्हणजे सरदारजी, फाळणीत लायलपूरहून आले. येताना तबकड्या आणणं शक्यच नव्हतं, म्हणून की काय, पुढे त्यांनी मणिमाजऱ्याच्या कबाड्यांकडून जन्मभर गोळा केल्या. सुरिंदर कौर, प्रकाश कौर, के. सी. डे, आणि मध्येच न कळणाऱ्या भाषेतलंही काहीबाही.

असंच एकदा दुपारी अभ्र्यात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन ते जिना चढून आले. त्यांना उर्दू आणि गुरुमुखी वाचता यायची, देवनागरी नाही. "भैणजी, ज़रा पढ़ो." आईचे हात कणकेत होते. तिने ते पदराला पुसले आणि लेबल उजेडाकडे धरून नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने. अंकलजींनी वहीत उर्दूत उजवीकडून डावीकडे 'हिराबाई बडोदेकर' लिहून घेतलं, आणि आम्ही सगळे खाली गेलो.

रेडिओग्रामच्या सुईला एक इवलासा खटका होता. एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला जुन्या लाखेच्या तबकड्यांची, जवळपास तिप्पट जाड. एलपीची बारीक सुई लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखरते. अंकलजींनी खटका फिरवला, बोटाने सुईवरची धूळ काढली. तबकडीला कडेपासून आत एक चीर गेलेली होती, त्यामुळे दर फेऱ्याला टक् व्हायचं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, म्हणजे सेकंदापेक्षा कमी अंतराने टक्. त्या टक्टकीतून हिराबाईंचा आवाज आला आणि आई तिथेच फरशीवर बसली. लहानपणी मिरजेच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी तिने हिराबाईंना प्रत्यक्ष ऐकलं होतं. अंकलजींनी तिच्यासाठी स्पीकरपुढे माईक धरून ते पद कॅसेटवर घेतलं. नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आंटीजींनी आतून चहाचं विचारलं. तेही कॅसेटवर आलं.

आता जरा इतिहास, कारण तो मला सोडत नाही. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ मूळचे कैराण्याचे. पानिपतहून यमुना ओलांडली की कैराणा, आमच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर. ते तिथून बडोद्याला गेले, मग मिरजेत स्थिरावले आणि 1937 साली गेल्यावर त्याच दर्ग्याच्या आवारात पुरले गेले. उलट दिशेने कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लाहोरला आले आणि 1901 साली त्यांनी तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन मिरजेचेच. आणि गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून असा पेटला की 1933 साली घर सोडून गुरू शोधत निघाला आणि फिरत फिरत पोचला तो जालंधरला. तिथे हरिवल्लभ संगीत संमेलनात विनायकरावांनी त्याला सांगितलं, परत जा, तिकडेच सवाई गंधर्वांकडे शीक. म्हणजे कैराण्याचा आवाज तबकडीतून धारवाडकडच्या पोराने ऐकायचा, त्यासाठी पंजाबात यायचं, आणि तिथे भेटलेल्या मिरजकराने त्याला घराकडे पाठवायचं. अंकलजींना ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली होती.

म्हातारपणी त्यांच्या हाती मोबाईल आला आणि रोज सकाळी काहीतरी यायला लागलं. पंजाबी कवी शिवकुमार बटालवीची बीबीसीवरची मुलाखत त्यांनी पाठवली. महेंद्र कौल समोर बसलेले, आणि शिव त्याच्या त्या थकलेल्या, सुंदर आवाजात बोलतोय. खाली एक ओळ: हा आपल्या गावचा, स्टेट बँकेत होता, मी याला सतरा सेक्टरात पाहिलंय. व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हेही मला पहिल्यांदा त्यांनीच कळवलं, सोबत प्रश्न होता: ही बाई तुमच्याकडची ना? नुसतं पुढे ढकललेलं त्यांच्याकडून कधी आलं नाही. दर वेळी सोबत त्यांचं एखादं वाक्य असायचं.

म्हणूनच माझा राग त्या लोकांवर आहे, जे जुनं गाणं उचलतात, खरखर काढायची म्हणून आवाजाची वरची किनार खरवडून टाकतात, वर घुमारा चढवतात, पडद्यावर मावळता सूर्य लावतात आणि कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारतात. तबकडीचा क्रमांक नाही, कंपनी नाही, सारंगीवर कोण याची चौकशीसुद्धा नाही. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने मुद्रित होत नसत. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, आणि लोक म्हणतात, काय पातळ आवाज हो त्या काळी! हा गाणाऱ्यावर अन्याय आहे. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या रेकॉर्ड संग्राहकांच्या सोसायटीने वर्षानुवर्षं अंकामागून अंक काढून अशा नोंदी जपल्या, म्हणून निदान काही ठरवता तरी येतं. अंकलजींच्या त्याच व्हिडिओवरून एकाने आवाज उचलला होता. शिक्का त्याचा, टक्टक मात्र आमच्या चिरेची. मी ती कुठेही ओळखेन.

तो उचललेला व्हिडिओ अजून आहे. बहिणीला तो पाठवायला मन होईना. शेवटी कपाटातून आईची कॅसेट काढली, एका ओळखीच्याकडून संगणकावर घेतली आणि आहे तशी पाठवली.

मिरजेहून उत्तर आलं. हिराबाईंबद्दल त्यात अक्षर नव्हतं. चहाचं विचारणारी ती बाई कोण, एवढंच बहिणीने विचारलं होतं.

मग मी आंटीजींबद्दल लिहायला बसले. आमच्या पहिल्या थंडीत आईला रजईत रुई कशी भरून घ्यायची ते त्यांनी शिकवलं. डिसेंबरात पिन्न्यांचा डबा वर यायचा आणि आई तो कधी रिकामा परत करायची नाही, संक्रांतीला तिळाच्या वड्या जायच्या. अंकलजींच्या गाण्यांचा त्यांना कंटाळा होता, पण सुरिंदर कौर लागली की त्या हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभ्या राहायच्या. त्यांच्या सासरचे सगळे लायलपूरचे, त्या स्वतः शेखूपुऱ्याच्या. लग्नातली गाणी त्यांना पाठ होती, आणि ती कुणीच मुद्रित केली नाहीत. बहिणीने लगेच विचारलं, तुला त्यातलं एखादं येतं का. दोन कडवी येतात. चाल नीट आठवतेय का, ते त्यांच्या सुनेला विचारून उद्या गाऊन पाठवीन म्हटलंय.