सगळं डेस्कटॉपवर आहे

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात फॉरमॅट म्हणजे क्रोसिनची गोळी. दुखणं कळो न कळो, दिली की गिऱ्हाईक शांत. पैठण गेटजवळच्या दुकानात मीही ती वर्षानुवर्षं वाटली. बहुतेकांना गुण आला, हेच वाईट झालं.

२०११ ची लग्नसराई. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. गुलमंडीवरचा एक डीटीपीवाला मशीन घेऊन आला. विंडोज ७ चा लोगो येई, निळा पडदा चमके आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. एफ-८ दाबून तो पडदा थांबवला, तर आकड्याच्या शेवटी ७बी. म्हणजे विंडोजला स्वतःचीच हार्डडिस्क सापडत नाही. का सापडत नाही, याच्या मागे मी लागलो नाही; टेबलावर आणखी मशीन ताटकळत होती.

खरं तर मशीनने आधीच सांगितलं होतं : सीमॉस चेकसम एरर, एफ-१ दाबा. मी दाबलं. बायोसमधलं घड्याळ १ जानेवारी २००९ दाखवत होतं. तारीख नीट केली आणि पुढे गेलो.

“सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं?”

“नाही भाऊ, सगळं डेस्कटॉपवर आहे.”

यातलं ‘नाही’ तेवढं माझ्या कानात शिरलं. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे त्याला ठाऊक नसणं साहजिक होतं. मला ते ठाऊक असण्याचेच तर तो पैसे देत होता.

नवं विंडोज टाकलं, मशीन झकास सुरू झालं. निदान बरोबर निघालं म्हणून मी चहा मागवला. संध्याकाळी त्याचा फोन. लग्नपत्रिका, एका मंडळाची स्मरणिका, गिऱ्हाइकांचे फोटो, सगळं गेलेलं. नुसतं फॉरमॅट असतं तर रिकव्हरीत बरंच हाती लागलं असतं, पण वरून विंडोज लिहिलं गेलं होतं. फोटो आले, बिननावाचे. पेजमेकरच्या फायली आल्या, उघडल्या नाहीत. बिचाऱ्याने रात्री जागून सगळं पुन्हा टाइप केलं. लग्न काही पुढे ढकलता येत नाही.

मग तारीख पुन्हा मागे गेली आणि मशीन परत आलं. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपला होता. हा गृहस्थ रोज भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायचा, त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवर. सेल गेला, बायोस मूळ सेटिंगवर आलं, हार्डडिस्कचा मोड एएचसीआयचा आयडीई झाला आणि जुनं विंडोज आंधळं झालं. मी नवं टाकलं ते आयडीईवरच, म्हणून चाललं. चुकीच्या इलाजाला मशीननेच बरोबरचा शेरा दिला होता.

मोड बदलायला दोन मिनिटं लागतात. जुनं विंडोज डेस्कटॉपसकट उठलं असतं.

फॉरमॅटचे घेतलेले साडेतीनशे रुपये मी परत केले. त्याने ते मोजून घेतले आणि पुढचं मशीन दुसऱ्या दुकानात नेलं.