यादीतले एक नाव

या लेखाची सुरुवात एका चुकीतून झाली आहे, आणि ती चूक माझीच होती.

क्रीडासप्ताहाच्या भित्तिपत्रकाचे काम आमच्या वर्गाकडे आले होते. विषय होता अर्जुन पुरस्काराचे मानकरी. अमरगोळहून रोज सकाळी पाठीला रॅकेट लटकवून बसमध्ये घुसणारी मी. तेव्हा बॅडमिंटन माझ्या वाट्याला येणार हे ठरलेलेच होते. नावे उतरवत उतरवत मी १९७० सालापाशी आले आणि थबकले. दमयंती तांबे. घरात मराठी आणि दारात कानडी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना अशा यादीत मराठी आडनाव दिसले, की उगीचच कोणी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. मी आणखी माहिती काढली. माहेरचे आडनाव सुभेदार. तीन वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद. पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, भारतीय हवाई दलातील वैमानिक. लग्नाला दीडएक वर्ष झाले असेल-नसेल, तोच १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले. ५ डिसेंबरला पाकिस्तानातील शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचे सुखोई विमान पडले आणि ते परत आले नाहीत.

मी लाल शाई घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिले : ‘यांच्या पतीला शत्रूने पकडून ठार मारले.’

दुसऱ्या दिवशी पाहते तो त्या वाक्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला : ‘कशावरून?’ आमच्या इतिहासाच्या सरांचे बारीक, तिरके अक्षर सगळे कॉलेज ओळखते. मला राग आला. ज्या बाईने सगळे आयुष्य वाट पाहण्यात घालवले, तिच्याविषयी लिहिलेल्या वाक्याला पुरावा मागायचा? मी तणतणत सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “राग येऊ दे. पण आधी शोध, आणि मग मला सांग.”

तेव्हापासून मी शोधते आहे. जे हाती लागले ते येथे मांडते.

युद्धाच्या पहिल्या दिवसांतच ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ या ढाक्याच्या वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली होती. तिच्यात एक नाव होते, फ्लाइट लेफ्टनंट ‘टॉम्बे’. या नावाचा दुसरा कोणी आपल्या हवाई दलात नव्हता. तेव्हा हे आपलेच तांबे, असे घरच्यांनी मानले आणि ते मानणे सयुक्तिकच होते. पण युद्धकैदी परतले त्यांत तांबे नव्हते. पाकिस्तानचे उत्तर तेव्हापासून एकच आहे : आमच्याकडे असा कोणी कैदी नाही.

तांबे एकटे नाहीत. आपल्या सरकारच्या हिशेबी असे चोपन्न जण आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास हवाई दलाचे आहेत. मेजर ए. के. घोष यांचा गजाआडचा फोटो तर २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकात छापून आला होता. तेही परतले नाहीत. १९७९ साली लोकसभेत चाळीस नावांची यादी सादर झाली. १९८३ साली आणि पुन्हा २००७ साली काही नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. २००७ मध्ये चौदा जण गेले होते. हाती काहीच लागले नाही. दमयंतीबाईंनी स्पर्धेतला खेळ सोडला, दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली, आणि मंत्री बदलले, सरकारे बदलली तरी अर्ज करणे सोडले नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी सरांचा प्रश्न स्वतःला विचारला. ठार मारले, कशावरून? उत्तर नव्हते. आणि जिवंत आहेत, कशावरून? त्यालाही उत्तर नव्हते. माझे लाल शाईचे वाक्य कोसळले. पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट लख्ख दिसली. खून सिद्ध करायला आधी माणूस आपल्या ताब्यात होता हे सिद्ध व्हावे लागते. ती पहिली पायरीच नाहीशी केली, की पुढचा सगळा जिना हवेत राहतो.

हे कायद्यालाही ठाऊक आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्यावर फक्त चार गोष्टी सांगण्याचे बंधन घातले आहे : नाव, हुद्दा, सेवाक्रमांक आणि जन्मतारीख. पकडणाऱ्या देशाने ही माहिती जिनिव्हाला कळवायची, तेथून ती कैद्याच्या देशाला पोहोचायची. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी एक पत्रकार्ड धाडू द्यायचे. पहिल्यांदा वाचताना मला हे नियम कारकुनी वाटले होते. आता वाटते, कैद्याचे खरे चिलखत तेच. ज्याचे नाव बाहेर कळले आहे, त्याला मारणे अवघड जाते.

उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. आपल्या कोडगूचे फील्ड मार्शल करिअप्पा यांचे चिरंजीव १९६५ साली विमानासह पडले आणि पकडले गेले. पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान हे फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी मुलाची खुशाली कळवली आणि सोडण्याची तयारीही दाखवली. सगळेच कैदी माझे मुलगे आहेत, एकट्याला सवलत नको, असे पित्याने उलट कळवले. मुलगा इतरांबरोबर सुखरूप परतला. २०१९ साली विंग कमांडर अभिनंदन यांचा चेहरा पकडल्यानंतर काही तासांतच साऱ्या जगाने पाहिला. तिसऱ्या दिवशी ते वाघा सीमेवरून चालत आले.

१९७१ च्या युद्धातलेच फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांची हकिगत तर कादंबरीसारखी आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सोबत्यांसह निसटले. पेशावरमार्गे अफगाण सीमेच्या तोंडाशी, लंडी कोतलला पोहोचले आणि तेथे लंडी खान्याची वाट विचारून बसले. नकाशावर ते स्टेशन होते, पण १९३२ सालीच बंद पडलेले. त्या एका प्रश्नाने संशय आला आणि तिघेही पकडले गेले. पण ते नोंद झालेले कैदी होते. त्यांना शिक्षा भोगावी लागली, जीव मात्र गेला नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला ते मायदेशी परतले.

पळालेल्या कैद्यांचे याहून वेगळेही होऊ शकते. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मनांच्या ‘स्टालाग लुफ्ट ३’ या छावणीतून दोस्तराष्ट्रांचे शहात्तर वैमानिक भुयार खणून पळाले. त्र्याहत्तर पुन्हा सापडले. हिटलरच्या हुकमावरून त्यांतल्या पन्नास जणांना गेस्टापोने गोळ्या घातल्या आणि ‘पुन्हा पळताना मारले गेले’ असे कागदोपत्री लिहिले. पण एक चूक राहिली. राखेचे कलश छावणीत परत आले, तेव्हा त्यांवर कोठल्या गावी दहन झाले ते लिहिलेले होते. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाचे तपास अधिकारी त्या गावांच्या नावांवरून मारेकऱ्यांच्या दारापर्यंत गेले. १९४७ साली हॅम्बुर्गला खटला उभा राहिला आणि १९४८ साली तेराजण फासावर गेले. काही आरोपी तरीही निसटलेच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ब्रिटिशांना हे जमले, कारण ते जिंकले होते. जर्मनीतील दफ्तरे आणि तुरुंग त्यांच्या हाती होते. जेत्यांच्या हातून झालेल्या अशाच अपराधांना असा तपास फारसा लाभला नाही. म्हणजे न्यायाला दोन गोष्टी लागतात : लिहिलेले नाव, आणि ते दफ्तर उघडायला लावण्याची शक्ती.

१९९९ साली कारगिलच्या युद्धात आपल्याकडे पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या विमानाचे इंजिन बंद पडले. त्यांचा ठावठिकाणा घेत घिरट्या घालणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे विमान क्षेपणास्त्राने पाडले. नचिकेत कैदी म्हणून जाहीर झाले आणि काही दिवसांत परतले. आहुजांचा मृतदेह आला. शवविच्छेदनात जवळून झाडलेल्या गोळ्यांच्या जखमा आढळल्या. ते छत्रीने जिवंत उतरले आणि नंतर त्यांना मारण्यात आले, असा निष्कर्ष भारताने काढला. देह आहे, अहवाल आहे, तारीख आहे. पण कोणावरही खटला चालला नाही.

आणि १९७१? त्या वेळी तर आपण जिंकलो होतो. सुमारे त्र्याण्णव हजार कैदी आपल्या ताब्यात होते. त्यांतल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवण्याचा बांगलादेशचा निर्धार होता. पाकिस्तान त्याविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, मग दावा मागे घेतला. १९७४ च्या एप्रिलमध्ये तिन्ही देशांचा करार झाला आणि ते १९५ जणही खटल्याविना मायदेशी गेले. उपखंडात शांतता हवी म्हणून हे केले गेले. त्या शांततेचे मोल मी नाकारत नाही. पण ते मोल कोणी चुकते केले हे विचारायला नको का? इकडे आपल्या चोपन्न जणांसाठी गुजरात उच्च न्यायालयाने २०११ साली सरकारला हेगला जायला सांगितले, तर पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

आमच्या गल्लीत एक अज्जा राहतात. हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीचे काम करून निवृत्त झालेले. संध्याकाळी कट्ट्यावर बसून ते धारवाडकडे जाणाऱ्या गाड्या पाहतात. मी त्यांना ही सारी कथा सांगितली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “हेसरु इल्लंद्रे मनुष्या इल्ल.” नाव नसेल तर माणूसच नाही. थोड्या वेळाने त्यांनीच मला विचारले, “त्या बाईंनी श्राद्ध केले का ग कधी?” मला उत्तर देता आले नाही.

आपल्या धारवाड भागात गावोगावी वीरगळ आहेत. गाईगुरे सोडवताना, वेशीवर लढताना पडलेल्या माणसासाठी गावाने उभा केलेला तो दगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगापाशी बसलेला वीर. शेकडो वर्षांपूर्वीच्या साध्या शिपायाचा शेवट काय झाला हे तो दगड आजही सांगतो. चोपन्न जणांच्या घरच्यांना तेवढेही मिळाले नाही. फोटोला हार घालावा तर मन धजत नाही. न घालावा तर वर्षे मोजत बसायचे. शिक्षा न झालेल्या गुन्ह्याचे एवढे तरी नाव घेता येते. येथे गुन्हा झाला की नाही, हेच कोणी सांगत नाही.

मी सरांकडे परत गेले आणि म्हणाले, “सर, माझ्याकडे पुरावा नाही.” ते म्हणाले, “मग काय करणार?”

भित्तिपत्रक अजून फळ्यावर होते. मी लाल शाईच्या वाक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि साध्या निळ्या शाईने लिहिले : ‘यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड येथे विमानासह पडले. ते पकडले गेल्याची बातमी छापून आली. पुढे काय झाले ते त्यांच्या घरच्यांना आजवर कोणीही सांगितलेले नाही.’

सर आले, चष्मा वर करून त्यांनी ते वाचले आणि पेन्सिल खिशातून न काढताच पुढे गेले.