एकोणीस मिलिमीटरचे बाबा

जर्मनी, ऑस्ट्रियाच्या मॉडेल रेल्वे कंपन्यांच्या साइट्स बघणं हा माझा रात्रीचा उद्योग. रोको, लिलिपुट. ऑस्ट्रियातल्या डोंगरातल्या ७६० मिलिमीटर गेजच्या गाड्यांची सुंदर मॉडेल्स तिथे मिळतात. अमेरिकेत जंगलातून लाकूड ओढणारी शे इंजिनं होती, उभे सिलिंडर एका बाजूला आणि चाकांना गिअर. तीही बाकमन कंपनीने काढली. कार्टमध्ये टाकतो, किंमत रुपयांत बघतो, काढून टाकतो.

मला हवं आहे ते कुणीच बनवत नाही. झेडडीएम-४ए. झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. चित्तरंजनच्या कारखान्यातलं हे इंजिन इतवारी-नागभीड लाइनवर धावायचं. उमरेड, भिवापूर, पवनी रोड, भुयार. भुयार आमचं. बाबा नागपूरला शिकायला गेले ते याच गाडीने, डब्यात आजीने बांधून दिलेल्या भाकरी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ही लाइन बंद झाली. बाबांचा फोन आला होता, "शेवटची गाडी हाये, येतं का?" मी पुण्यात, पहिली नोकरी, त्या आठवड्यात रिलीज. म्हटलं, सुट्टी नाही. "काहून नाही भेटत?" यावर मी काहीतरी बोललो. खरं म्हणजे मी सुट्टी मागितलीच नव्हती. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता थ्रीडी प्रिंटर घेतला आहे. हिशोब सरळ आहे. १:८७ च्या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचं गेज पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. चेसिस मात्र डोकं खातं. प्रत्येक बोगीला इंजिनाच्या जोराने फिरणारे दोन अ‍ॅक्सल आणि बाहेरच्या टोकाला नुसतंच धावणारं एक छोटं अ‍ॅक्सल. तयार चेसिस घेऊन वर टप ठेवला की झालं, असं हे इंजिन नाही. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात दोनदा जाऊन आलो. तिथली जुनी वाफेची इंजिनं बघताना मन हरखतं, पण ती आजोबांच्या काळातली. माझ्या लहानपणचा भोंगा डिझेलचा होता.

माझ्याकडे इंजिनाचं मापाचं ड्रॉइंग नाही. एक फोटो आहे. शेवटच्या दिवशी भुयार स्टेशनवर कुणीतरी बाबांच्याच मोबाइलवर काढलेला. बाबा इंजिनाला अगदी खेटून उभे, इस्त्रीचा शर्ट, एक हात दांड्यावर. बाबांची उंची ५ फूट ५ इंच, १६५ सेंटिमीटर. फोटोत ते किती पिक्सेल भरतात ते मोजलं आणि त्यावरून दार, खिडकी, छत, सगळं काढलं. इंजिनाची प्रत्येक उंची बाबांवरून आली आहे. त्यांच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आहे. ती मोजायची गरज नव्हती, तरी मोजली.

दिवाळीला पहिली प्रिंट भुयारला नेली. रंग नाही, खिडकीची एक चौकट तुटलेली. बाबांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ फिरवून पाहिली.

"भोंगा कुठं हाये?"

"लावतो, बाबा."

"अन् मले बी बनव बाजूला."

एकोणीस मिलिमीटर होतील, मी म्हटलं. बाबांनी अंगठा आणि बोटात तेवढं अंतर धरून पाहिलं आणि म्हणाले, "मंग तुले बी बसवता येईल."